आईच्या पायाचं माप

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना मनापासून नमस्कार. (वाकून करायचा होता, पण कापडं कापायच्या टेबलाशी तीस वर्षं वाकून माझी पाठ आता मुळातच त्या कोनात राहते. आणखी वाकायला जागा उरलेली नाही.) भावोजींचा उजवा हात आता कितपत उचलतो ते सविस्तर लिही. मागच्या खेपेला तू लिहिलं होतंस की ते चमचा स्वतः धरतात, पण तोंडापाशी येईपर्यंत निम्मं सूप सदऱ्यावर जातं. मी त्यांच्यासाठी गळ्याशी बांधायचं एक जाड सुती कापड शिवून ठेवलं आहे, खाली खिसा ठेवून. दिसायला ते कोटाच्या पुढच्या भागासारखं आहे, वर तीन खोटी बटणं लावली आहेत, म्हणजे आपल्याला लहान मुलासारखं बांधून ठेवलंय असं त्यांना वाटायला नको. आमच्याकडे बाकी ठीक. माझी पाठ वर लिहिली तशी. आईची भूक चांगली, कान बरे, जीभ उत्तम. प्रश्न फक्त तिच्या डाव्या पायाचा आहे, आणि त्यासाठीच हे पत्र.

गेल्या महिन्यात तू चारदा फोन केलास आणि चारही वेळा मी 'सविस्तर पत्र लिहितो' म्हणून फोन ठेवला, याचा तुला राग आला असणार. पण फोन आईच्या पलंगाच्या उशाशी आहे. मी वरच्या खोलीत फोनवर बोलायला लागलो की ती डोळे मिटून पडते आणि श्वाससुद्धा बेताने घेते, म्हणजे एक शब्द हुकायला नको. तुझा प्रश्न तसा साधा होता. आई कधी निघते? सात-साडेसात तासांचा तर प्रवास, लोक रोज करतात, तू एवढं काय घेऊन बसला आहेस? ताई, ते सात-साडेसात तास नाहीत. ते किती आहेत हे शोधण्यात माझे पाच आठवडे, शाळेच्या गणवेशांची एक ऑर्डर आणि एक चांगलं गिऱ्हाईक गेलं. ते सगळं आता लिहितो.

तुला माहीत आहे तेही पहिल्यापासून लिहितो, कारण मधूनच सुरुवात केली की मी भलतीकडे जातो. भावोजी आजारी पडले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांना सोडून तुला एक दिवस बाहेर राहता येत नाही, म्हणजे तू येणं शक्य नाही. मी येतो म्हटलं तर तुमच्या देशाने मला दोनदा नाही म्हटलं. (दुसऱ्या वेळी काचेपलीकडच्या साहेबाने विचारलं, लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, मग तुम्ही परत याल कशावरून? मी म्हटलं, दुकान आहे, आई आहे. त्याने दुकानाचे कागद मागितले. आईचे कुठले कागद मागणार?) आईला मात्र मुलीची आई म्हणून पहिल्याच फटक्यात परवाना मिळाला, तोही हवं तितकं राहायचा. (एकोणऐंशी वर्षांची बाई तिथे जाऊन कोणाला काय त्रास देणार, असं त्यांना वाटलं असेल. ते आईला ओळखत नाहीत.) म्हणजे तुमची भेट व्हायची तर आईनेच यायला हवं. आणि गेल्या वर्षी तिच्या डाव्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली होती. औषधाने ती विरघळली, पण डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं की यापुढे एका जागी फार वेळ पाय लोंबकळत ठेवून बसायचं नाही. विमानाचं विचारायला गेलो तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि आकडा दिला. साडेआठ तास. दर तासाला उठून दोन पावलं चालायचं, घट्ट मोजे घालायचे, आणि साडेआठ तासांच्या वर मिनिटभरही नाही. मध्ये विमान बदलून जायचा रस्ता त्यांनी एका वाक्यात निकालात काढला, कारण तो एकोणीस तासांचा आहे.

तेव्हा सगळं येऊन ठेपलं एकाच गोष्टीवर, की आमच्या विमानतळापासून तुमच्या विमानतळापर्यंत थेट विमानाला वेळ किती लागतो. हे कोणालाही विचारलं की लगेच सांगतो, आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो. तू म्हणालीस साडेसात. बँकेतला कारकून म्हणाला दहा (तो कधी गेलेला नाही, पण त्याचा साडू गेला आहे). दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या शेजारीणबाई म्हणाल्या, पूर्ण एक दिवस, कारण त्यांची सून सोमवारी निघून मंगळवारी पोचली. शेवटी मी ठरवलं की या कानगोष्टी बस झाल्या, आपण माप घ्यायचं. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, दोन गावांमधलं एक घ्यायला काय अवघड आहे?

समोरच्या इमारतीत एक निवृत्त भूगोलाचे मास्तर राहतात, त्यांच्या विजारी मी वीस वर्षं शिवतो. त्यांनी जगाचा मोठा नकाशा आणून माझ्या टेबलावर अंथरला. मी दोन्ही विमानतळांवर टाचण्या टोचल्या, मध्ये पांढरा दोरा ताणला, दोरा टेपवर धरला आणि मास्तरांनी नकाशाच्या कोपऱ्यातल्या पट्टीवरून गुणाकार केला. सात हजार नऊशे किलोमीटर. विमान तासाला साडेआठशेच्या आसपास जातं, म्हणजे नऊ तासांच्या वर. मी दोरा गुंडाळला, वर गेलो आणि आईला सांगितलं की जमत नाही. ती तुझ्या लग्नातल्या फोटोची चौकट पुसत बसली, आणि ती काच आधीच स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर हातात पृथ्वीचा गोल घेऊन दुकानात हजर. रात्रभर त्यांना झोप नव्हती म्हणे. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं आणि स्वतःच विसरलो, पृथ्वी सपाट नाही!

मला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. टेबलावर सपाट पडलेल्या कापडावर मारलेली सरळ रेघ ते कापड पोटावरून गेलं की सरळ राहत नाही, हे मला मास्तरांपेक्षा जास्त माहीत आहे (मास्तरांच्याच पोटामुळे माहीत आहे). मी गळ्यातला टेप काढला आणि गोलावर ठेवला. टेप आपोआप वरच्या अंगाने गेला, थंड प्रदेशांवरून, आणि अंतर एकदम कमी झालं. पण एक घोटाळा होता. हा गोल कधीतरी कपाटावरून पडलेला आहे आणि त्याला नेमका आपल्या शहराच्या बाजूला पोचा आलेला आहे. मास्तर टेप त्या पोच्यात दाबून माप घ्यायला लागले. मी म्हटलं, खांद्यात खळगा असला तर टेप खळग्यात घालायचा नसतो, वरून न्यायचा असतो, नाहीतर कोट आखूड होतो. त्यावर आमची अर्धा तास हुज्जत झाली आणि मास्तर चहा न घेता निघून गेले. पाच मिनिटांनी परत आले, कारण गोल इथेच राहिला होता. शेवटी माझ्या पद्धतीने माप घेतलं. साडेसहा इंच, म्हणजे सहा हजार नऊशे किलोमीटर, म्हणजे जेमतेम आठ तास. आईला जिन्यातून हे ऐकू गेलं. विमान थंड प्रदेशावरून जातं म्हणे, मग लोकरीचा स्वेटर वर ठेवते, एवढं बोलून तिने पलंगाखालची बॅग ओढली.

गोलावरून ठरवून चालत नाही म्हणून मी तिकिटाच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाई फार सभ्य, पण त्यांनी एका प्रश्नाला तीन उत्तरं दिली. हवेत विमान पावणेआठ तास असतं. (ताई, तुझे साडेसात इथून आले असणार.) पण दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंत म्हणशील तर आठ तास वीस मिनिटं. आणि तिकिटावर लिहिलेलं असतं सकाळी अकरा दहाला निघून दुपारी तीनला पोचणार, कारण तुमची घड्याळं आमच्या साडेचार तास मागे आहेत. (तो छापील कागद मी घरी आणला तेव्हा आईने वाचून सांगितलं की तीन तास पन्नास मिनिटं तर आपल्याला तालुक्याच्या दवाखान्यात नंबर लागायला लागतात, तू उगाच घोळ घालतोस.) आठ तास वीस मिनिटं म्हणजे हद्दीच्या आत, पण फक्त दहा मिनिटांनी. मी बाईंना विचारलं, वारा उलटा असला तर? त्या म्हणाल्या, जाताना उलटाच असतो, तो धरूनच सांगितलंय. मी म्हटलं, फार जास्त उलटा असला तर? उतरायला जागा मिळाली नाही तर? विमान वर नुसतं घिरट्या घालत राहिलं तर? बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुम्हाला वेळ कमी हवाय का जास्त? (लोक काहीही विचारतात.)

तुला माझी सवय ठाऊक आहे. माझ्या दुकानातून कपडा ट्रायलशिवाय बाहेर जात नाही. कच्च्या टाक्यांवर एकदा अंगावर चढवून बघायचा, मगच पक्की शिलाई. मी म्हटलं, जी गोष्ट मी विजारीसाठी करतो ती आईसाठी का करू नये? डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, कल्पना वाईट नाही. बसवून बघा. घोट्याच्या वर टेप लावा. सकाळपेक्षा अर्ध्या इंचापर्यंत फुगला तर चालेल, त्याच्या वर गेला तर मात्र विमान विसरायचं, पुन्हा विचारायलाही यायचं नाही.

तेव्हा परवा, बुधवारी, दुकानाला आतून कडी लावून आम्ही विमान उडवलं. खुर्चीची रुंदी साडेसतरा इंच, पुढच्या खुर्चीपर्यंत एकतीस, ही मापं मी कचेरीतल्या बाईंकडून आणली होती. तेवढ्या जागेवर खडूने जमिनीवर रेघा मारल्या. मधल्या खुर्चीत आई, प्रवासाचे कपडे, घट्ट मोजे, मांडीवर पर्स, सगळं जसंच्या तसं. उजवीकडच्या खुर्चीवर माझा कपड्यांचा पुतळा, अर्धवट शिवलेला कोट घातलेला. डावीकडे खिडकीशी मास्तर, कारण त्यांनी हट्टच धरला. नऊ वाजता मी पहिलं माप घेतलं. पावणेनऊ इंच. म्हणजे सव्वानऊपर्यंत ठीक, सव्वानऊच्या वर गेलं की संपलं. वही उघडून टेबलावर ठेवली आणि घड्याळ सर्वांना दिसेल असं भिंतीवर सरकवलं.

पहिले तीन तास मजेत गेले. मास्तर नकाशा मांडीवर घेऊन खाली कुठला देश लागला ते सांगत होते. दर तासाला आई उठे, शिलाई मशीनपर्यंत चालत जाई, वळून येई. (मास्तर मध्येच तीनदा मोरीकडे गेले, तेव्हाही तिला उठावं लागलं. ती म्हणाली, खिडकीची जागा अशा माणसाला देतातच कशी?) दहा वाजता पावणेनऊ. अकराला पावणेनऊ. बारालाही पावणेनऊ. मी दर वेळी गुडघ्यावर बसून टेप लावत होतो. चौथ्या तासाला टेप एका दोऱ्याएवढा पुढे सरकला. मी ते कोणाला सांगितलं नाही, वहीत मात्र लिहिलं.

पाचव्या तासाला दारावर धडधड झाली. त्या पुतळ्याच्या अंगावरच्या कोटाचा मालक आला होता, त्याला संध्याकाळी नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. मी उठून कडी काढायला गेलो तर आईने आवाज दिला, "विमान हवेत आहे. दार उघडायचं नाही." मी म्हटलं, अगं, कोट द्यायचाय. ती म्हणाली, "उतरल्यावर दे." त्या गृहस्थाने काचेतून आत पाहिलं. मधोमध स्वेटर घालून बसलेली म्हातारी, तिच्या एका बाजूला डोकं नसलेला त्याचाच कोट, दुसऱ्या बाजूला नकाशा घेऊन घोरणारे मास्तर, आणि दाराशी टेप घेऊन उभा असलेला शिंपी. तो आल्या पावली निघून गेला. त्याला कुठून कोट मिळाला कोण जाणे, माझ्याकडे तो परत येणार नाही हे नक्की.

सहाव्या तासाला नऊला दोन दोरे कमी. आता गंमत संपली होती. आई नीट बसून राहिली होती, पण पायाची बोटं मोज्यात हलवत होती, ते मला दिसत होतं. मी तिला विचारलं, दुखतंय का? तिने मान हलवली, नाही. जरा वेळाने घड्याळाकडेच बघत म्हणाली, "तिच्याकडे गेले की आधी तिचे केस बघणार आहे. पिकले असतील गं बाई. फोनवर केस दिसत नाहीत." 'गं बाई' ती कोणाला म्हणाली माहीत नाही, तिथे बाईमाणूस कोणीच नव्हतं. मी उगाच टेप गुंडाळला आणि पुन्हा सोडला.

सातव्या तासाला बरोबर नऊ. अजून पाव इंच हाताशी होतं आणि एक तास वीस मिनिटं काढायची होती. मास्तर जागे झाले होते, त्यांनी वातावरण हलकं करायला म्हणून आईला विचारलं, लेकीकडे किती दिवस राहणार? आई हसली. बऱ्याच वेळाने हसली. म्हणाली, "आता एवढं बसून गेल्यावर परत एवढंच कोण बसणार?" मास्तरही मोठ्याने हसले. आठव्या तासाला पुन्हा नऊ. मग ती शेवटची वीस मिनिटं. ताई, मी दुकानात तीस वर्षं काढली, पण वीस मिनिटं एवढी लांब असतात हे मला माहीत नव्हतं. पाच वाजून वीस मिनिटांनी मास्तरांनी टाळी वाजवून विमान उतरल्याचं जाहीर केलं, मी खाली बसलो, आईचा पाय मांडीवर घेतला आणि टेप लावला.

साडेनऊ.

हद्दीपेक्षा पाव इंच जास्त. मी आकडा मोठ्याने सांगितला. मास्तर चष्मा शोधत राहिले आणि मग म्हणाले, अरेरे. आईने पाय सोडवून घेतला, मोजा वर ओढला, उठली आणि एकटीच जिना चढून गेली. मी वर गेलो तेव्हा बॅग पुन्हा पलंगाखाली होती. मला म्हणाली, जेवायला काय करू? एवढंच.

तर ताई, असं झालं. मी सगळे प्रयत्न केले, नकाशा पाहिला, गोल पाहिला, कचेरीत जाऊन आलो, प्रत्यक्ष बसवूनही पाहिलं. अंतराचं आणि वेळेचं जमलं, पायाचं जमलं नाही. डॉक्टरीणबाईंचा शब्द मोडता येत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस, आईपुढे फोनवर रडू नकोस. फोटो पाठवत जा, केस दिसतील असे. भावोजींना सांभाळ आणि स्वतःच्या जेवणाकडेही बघ, तू त्यांना भरवताना स्वतःचं ताट गार करतेस हे मला माहीत आहे.

पाठीतून अर्धा वाकलेला, पण मनाने पूर्ण नमलेला,
तुझा धाकटा भाऊ

ता. क. भावोजींच्या गळ्याचं माप मी अंदाजाने धरलं आहे. घट्ट झालं तर मागची नाडी सैल कर, कापू नकोस.

ता. क. दुसरा. हे पत्र चार दिवस खणात पडून आहे. पाकिटावर पत्ता लिहिला, चिकटवलं, आणि आज पुन्हा उघडलं. आत एक आकडा चुकला आहे. बुधवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी टेपवर साडेनऊ नव्हते. नऊ होते. सातव्या तासाला होते तेवढेच. टेप वाचायला मला डोळेसुद्धा लागत नाहीत, बोटांना कळतं, तेव्हा वाचण्यात चूक झाली असं म्हणायला जागा नाही. मी खोटं बोललो. तीस वर्षांत लोकांच्या पोटाबद्दलही मी कधी खोटं सांगितलं नव्हतं.

ता. क. तिसरा. का बोललो ते लिहितो, एकदाच. 'परत एवढंच कोण बसणार' हे ती मास्तरांना हसवायला म्हणाली असेल. पण माझ्या हातात तिचा पाय होता आणि मला हसू आलं नाही. ती तुझ्याकडे राहिली तर मला तिकडे येता येत नाही, हे तुला माहीत आहे. वरच्या खोलीत दोन पलंग आहेत. मी संध्याकाळी दुकान बंद करून जिना चढतो तेव्हा वरून कोणीतरी विचारतं, आलास का? चोपन्न वर्षांच्या माणसाने हे लिहू नये, पण मला त्याची सवय झाली आहे.

ता. क. चौथा. तेव्हापासून माझी मापं बिघडली. काल एका गिऱ्हाइकाची कंबर तीनदा मोजली आणि तीन वेगळे आकडे सांगितले. तो म्हणाला, मी निघतो, तुम्ही बरे व्हा. दुपारी दुकान तसंच उघडं टाकून वर गेलो आणि आईला सांगितलं. ती शर्टाला बटण लावत होती, माझ्याच. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे मला. सूज आली तर आधी माझ्या पायाला कळेल का तुझ्या टेपला?" मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस? म्हणाली, "बघत होते, किती दिवसांनी सांगतोस. पाच लागले. मला वाटलं होतं दोनात सांगशील." मग दाताने दोरा तोडला आणि शर्ट माझ्या अंगावर फेकला. मी लगेच कचेरीत जाऊन तिकीट काढलं. महिनाअखेरच्या शनिवारचं. विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवली आहे, डॉक्टरीणबाईंनी सहीचा कागद दिला आहे. (त्यांनी स्वतः टेप लावून बघितलं. माझ्या हातात दिला नाही.) तारीख फोनवर कळवीनच, पण दुपारी तीनला तू दारापाशी उभी राहा.

ता. क. पाचवा, आणि हेच खरं सांगायचं होतं. परतीचं तिकीटही काढलं आहे, तीन महिन्यांनंतरचं. कचेरीतल्या बाईंनी सांगितलं की परत येताना वारा पाठीमागून असतो, त्यामुळे पाऊण तास कमी लागतो. साडेसात तासांच्या आसपास. हे तू तिला बोलता बोलता अधूनमधून सांगत जा. मी सांगितलं असं म्हणू नकोस. तू मोठी आहेस, तुझा तिच्यावर माझ्याएवढाच हक्क आहे, सहा वर्षं तू तिच्याशिवाय काढलीस आणि मी त्यातला एक दिवसही काढला नाही, हे सगळं मला समजतं. तरी ती 'इथेच राहते' म्हणाली, तर तिला अडवू नकोस, आणि मला ते फोनवर सांगू नकोस. पत्राने कळव. तुमच्याकडून पत्र यायला अकरा दिवस लागतात. तेवढे दिवस ती येणार आहे असं मला धरून चालता येईल.